बोटभर कमी भरलेला पुत्र

मीरा, निखिल,

रामवाडीचा आपला मूर्तींचा कारखाना या आठवड्यात रिकामा होतोय. एक जुना रबरी साचा तेवढा टाकू नका, असं मी माणसांना सांगितलंय. तो का ठेवायचा, हे माझ्यानंतर तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. रोह्याच्या चर्चचे फादर आमच्या टेबलावरच्या दोन मूर्तींना टेप लावत होते. ऑर्डर स्पष्ट होती. देवपिता आणि त्याचा पुत्र येशू, शेजारी बसलेले, चेहरा आणि उंची एकसारखी. पुत्राच्या तळहातांवर खिळ्यांच्या खुणा, एवढाच फरक.

"पुत्र बोटभर कमी आहे," फादर म्हणाले. "हे चालणार नाही."

धर्मादादा आमचे मुख्य कारागीर. चाळीस वर्षांत त्यांची एकही मूर्ती परत आली नव्हती.

"पोरगा बापापेक्षा बोटभर लहान, तर बिघडलं काय? माझा तर खांद्यालाच लागतो."

"यावरूनच चौथ्या शतकात आमच्या धर्मात मोठा वाद झाला होता," फादर म्हणाले. " काही म्हणाले, पिता आधीचा, पुत्र नंतरचा, म्हणून कमी. चर्चने ते नाकारलं. पुत्र नाही आणि पिता आहे, असं कधी नव्हतंच. आणि पुत्र घडवलेला नाही."

"घडवलेला नाय? मग पंधरा दिवस मी काय करत होतो?"

फादर हसले. मूर्ती मात्र घेतल्या नाहीत.

चूक साधी होती. शाडूची माती वाळताना आक्रसते. धर्मादादांनी आधी पिता घडवला, वाळवला, त्यावरून रबरी साचा घेतला आणि साच्यातून पुत्र काढला. तो वाळून आणखी लहान झाला. गणपतीत हे कोणी मोजत नाही.

धर्मादादांनी दोन्ही मूर्तींना स्वतः टेप लावून पाहिली. मग पित्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वयनी, ह्याला बाजूला ठेवा."

"का?" मी विचारलं. "पिता तर बरोबर आहे."

"हा पहिला हाय ना. पहिला हाय तोवर दुसरा कमीच भरणार. साच्यातून दोघं काढतो. एक माती, एकच दिवस."

ओल्या मातीतच एकाच्या तळहातांवर त्यांनी खुणा केल्या. महिन्याभराने फादर आले.

"लावा टेप," धर्मादादा म्हणाले.

उंची सारखी भरली. दोन्ही मूर्ती ऑर्डरपेक्षा बोटभर लहान होत्या, पण त्याबद्दल फादरनी चकार शब्द काढला नाही.

मी एवढंच शिकले: जोडी सारखी हवी असेल, तर एकीवरून दुसरी काढू नये.

ती जोडी रोह्याच्या चर्चमध्ये आहे. बोटभर कमी भरलेला पुत्र धर्मादादांच्या घरी आहे. ज्यातून दोघं सारखे निघाले तो साचा हाच, अजून फाटलेला नाही.