सासूसमोर विचारलेला प्रश्न

वॉर्डात नवा पेशंट आला की सिस्टर आधी त्याची नाडी धरत नसत, नातेवाइकांची थैली धरत. ती पलंगावर उपडी करत आणि बिस्किटं, टॉवेल, चार्जर बाजूला सारून गोळ्यांची पाकिटं शोधत. "मले खोटं सांगू नका," त्या म्हणायच्या. "औषधाले खोटं चालत नाही."

माझं मेडिकल बालाघाटात, त्याच नर्सिंग होमच्या तळमजल्यावर. सिस्टर वारासिवनीहून सकाळच्या बसनं येत आणि वर जाण्याआधी माझी हजेरी घेत. मी कोणाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक दिलेलं त्यांना कसं कळे, देव जाणे. "भाऊ, साध्या खोकल्याले हे काहून देता?" मी हसण्यावारी न्यायचो. तुमच्यापैकी कोणी मेडिकल चालवलं असेल तर तोही हसलाच असता. आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं?

मेरोपेनेम मात्र त्या स्वतः खाली येऊन नेत. हे पेनिसिलिनच्याच गोतावळ्यातलं इंजेक्शन, पण जंतू बाकी कशाला जुमानेनासे झाले की काढायचं. त्याची एक खोड त्यांना पाठ होती. मिरगीवरची व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल, तर हे इंजेक्शन रक्तातून ती गोळी जवळजवळ पुसून टाकतं. मग कितीही गोळ्या द्या, उपयोग नाही. "दुसरी गोळी देता येते," त्या म्हणत, "पण आधी कळलं तं पाहिजे!"

एकदा खैरलांजीकडची एक मुलगी आली. लग्नाला चार महिने झालेले. लघवीतला संसर्ग रक्तात उतरलेला, आणि रिपोर्टप्रमाणे मेरोपेनेमशिवाय काहीच लागू पडत नव्हतं. पलंगाच्या एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला सासू. सिस्टरनी थैली उपडी केली. गोळ्या निघाल्या नाहीत.

"मिरगीची गोळी चालू आहे का?"

आईनं आधी सासूकडे पाहिलं. "नाही जी. पोरगी एकदम धडधाकट आहे."

इंजेक्शन सुरू झालं. थोड्या वेळानं सिस्टर खाली आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, चूक झाली माह्याकडून. सासूसमोर विचारलं. आता ते माय कशी हौ म्हणन?"

मग त्यांनी सासूला मुद्दाम सलाईनचा सेट आणायला माझ्याकडे पाठवलं आणि आईला एकटीला गाठलं. आई चिडली. "एकदा सांगितलं ना नाही म्हणून!" सिस्टरनी डॉक्टरांच्या कानावर शंका घातली. आईच नाही म्हणते तर लक्ष ठेवा, एवढंच ते म्हणाले. सिस्टरनी पलंगाचे कठडे वर केले आणि ड्यूटी संपली तरी तिथून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या हाताला झटके येऊ लागले. थंडी भरली असेल, सासू म्हणाली. खरं काय ते एकट्या आईला ठाऊक होतं. दाखल केल्यापासून ती पदराआडून गोळी केळ्यात दडवून लेकीला देत होती. त्या दुपारी तिनं एकाच्या दोन दिल्या. संध्याकाळी फिट सुरू झाली ती थांबेचना. धावपळीत आईच्या पदरातून गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. सिस्टरनी ते सासूच्या आधी पाहिलं, पायानं पलंगाखाली सारलं आणि डॉक्टरांकडे पळाल्या. औषधं बदलली, करायचं ते सगळं केलं. पण संसर्गानं आधीच पोखरलेली ती पोर तिसऱ्या दिवशी गेली.

"कायनं गेली जी?" सासूनं विचारलं.

आईनं सिस्टरकडे पाहिलं. घरी लग्नाची धाकटी होती, हे तिनं आदल्याच दिवशी त्यांचे पाय धरून सांगितलं होतं.

"ताप डोक्यात चढला," सिस्टर म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्यासाठी रडूही आलं. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. आता वारासिवनीला घरीच असतात म्हणे. वॉर्डात आता चालू औषधांचा एक फॉर्म भरून घेतात.

मागच्या आठवड्यात तीच आई माझ्या काउंटरवर आली. चिठ्ठीवर तीच गोळी होती, नाव धाकटीचं. मी काही बोलणार तोच तिनं मागं पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक बाई पिशव्या घेऊन उभी होती.

"धाकटीची सासू होय," ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "ताकदीच्या गोळ्या द्या जी, भाऊ."

मी चिठ्ठीवरच्याच दिल्या.