त्यांना जेवलात का, असं कुणी विचारलंच नाही

बंगळुरूला मला भाच्याने बोलावलं ते भाषण ठोकायला नव्हे, सिनेमा बघायला आणि नंतर लोकांना बोलतं करायला. सांगलीत मी फिल्म क्लब चालवते. महिन्याला एक सिनेमा, मग चहा आणि भांडणं. मासिकांतून थोडंफार लिहिते, दोन पुस्तकंही निघाली आहेत, त्यामुळे आमच्या घरात माझ्याबद्दल उगाचच एक दरारा आहे. ओंकार, माझ्या बहिणीचा मुलगा, तिकडे कोरमंगलात राहतो. नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मुलामुलींनी मिळून तिथे असाच एक क्लब काढलाय. "मावशी, आमच्याकडे सिनेमा संपला की सगळे मोबाइल काढतात. तू येऊन जरा त्यांची तोंडं उघड," असं तो म्हणाला. मला काय, निमित्तच हवं होतं. मिरजेहून गाडीत बसले ती सकाळी बंगळुरूत उतरले.

स्टेशनाबाहेर हवा छान गार होती आणि रिक्षावाले आपल्याकडच्यासारखेच होते, म्हणजे आधी नाही म्हणणारे. एक तयार झाला. कोरमंगलात सगळे रस्ते 'मेन' आणि 'क्रॉस', पुढे नुसते आकडे. आम्ही एकाच देवळाला प्रदक्षिणा घालू लागलो. रस्त्यातल्या प्रत्येकाने पत्ता विचारल्यावर "स्वल्प मुंदे" (जरा पुढे) असंच सांगितलं. त्या पुढे जाण्यात एका खड्ड्यात माझी पिशवी उलटली आणि ओंकारसाठी आणलेलं भडंग रिक्षाभर झालं. मी वरमले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, सीटवरचं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाला, "पुरी! खारा है, अच्छा है." चुरमुऱ्यांना इथे पुरी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. उरलेलं भडंग मी त्यालाच देऊन टाकलं.

ओंकारने कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन 'खाली दोसा' खायला घातला. नावात खाली, म्हणजे रिकामा, असं असलं तरी पोट भरून टाकणारा प्रकार आहे, जाड, मऊ, एकावर एक रचलेले दोसे आणि सोबत सागू (भाज्यांचा पातळ रस्सा). मग 'बाय-टू' कॉफी, म्हणजे एक कॉफी दोघांत. उभ्याने प्यायची. आमच्याकडे कटिंग मागताना माणूस जरा चोरटा होतो, इथे मोटारीतून उतरलेला गृहस्थसुद्धा खुशाल बाय-टू म्हणतो.

सिनेमा दुपारी होता, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. गाद्या, खुर्च्या, भिंतीवर पडदा. सगळी तरुण मंडळी, पुणे, मुंबई, नागपूर. त्यांच्यात एक बाई वेगळ्या दिसल्या. पासष्टीच्या, हिरवी रेशमी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा, लग्नाला आल्यासारख्या नटून आलेल्या. शेजारी मुलगी, तिशीची, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. ओंकारने ओळख करून दिली. या लक्ष्मक्का, चामराजपेटेत राहतात, कन्नड शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर इथे आलं ते इथलंच झालं. ही त्यांची मुलगी सुमा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला. अक्कांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमी पुस्तकं लिव्हता म्हणून ओंकार बोलला. उद्या आमच्या घरी ऊटाला यायचं, हं." ऊट म्हणजे जेवण. मी हो म्हटलं. सिनेमासाठी दिवे मालवले म्हणून बोलणं तिथेच थांबलं.

सिनेमा परदेशी, खाली इंग्रजी अक्षरं. एका मिठागराच्या काठावर परग्रहावरचे पाहुणे उतरतात. हाणामारी नाही, किरणं नाहीत. उंच, करड्या सावल्यांसारखे ते नुसते उभे असतात. शास्त्रज्ञ येतात, लष्कर येतं, प्रश्नांवर प्रश्न विचारतात. एक मिठागरवाली बाई तेवढी रोज येऊन शेजारी बसते आणि आपलं काम करत राहते. हळूहळू ते तिच्यासारखं वाकू लागतात, मीठ ओढू लागतात. मग एके दिवशी लष्कर मोठे दिवे लावतं आणि ते निघून जातात. कशाला आले होते, ते सिनेमा सांगतच नाही.

दिवे लागले. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बोला. नागपूरचा एक उंच मुलगा उठला. "मॅडम, ते आले काऊन, हेच समजलं नाही. दोन तास बसवलं आन् सांगितलंच नाही." हशा झाला. पुण्याची एक मुलगी चिडूनच म्हणाली, "मला सायन्सचा प्रॉब्लेम आहे. इतक्या खाऱ्या हवेत ते श्वास कसा घेतात? काहीच एक्सप्लेन केलं नाहीये." दुसरीने तिला तिथल्या तिथे झापलं की बाई, तुला सिनेमा बघायचाय की पेपर सोडवायचाय. मग ओंकारबरोबर राहणारा वैभव उठला. तो म्हणाला, "मला बाबा आठवले. आम्ही फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. पण घरी गेलो की गाडी धुताना मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. तेवढंच." मी मनातून खूश होते. सांगलीला जाऊन सांगायला माल मिळत होता.

मग मागच्या रांगेतून लक्ष्मक्का उठल्या. पदर सारखा केला. "मी बोलू काय?" म्हणाल्या. "आमच्यात कोण बी घरी आलं तर आदी विचारतो, ऊट झालं काय. तिथं एवढी माणसं, मोठी मोठी, सगळी विचारत्यात कुठनं आला, कशाला आला. जेवला काय म्हणून एकानं तरी विचारलं काय? ती बाई तेवढी आपल्या डब्यातलं त्यांच्या पुढं ठेवती. मला तीच आवडली." थोडं थांबून हसून म्हणाल्या, "आमाला बी हितं सगळी विचारत्यात, तुमी कुठनं आला. आमी कुठनं येणार? हितंच हाय."

पुढच्या गाद्यांवरून खुसखुस ऐकू आली. अक्का अडखळल्या, शब्द शोधू लागल्या. आणि मी, त्यांना मदत करायची म्हणून, अगदी गोड आवाजात म्हटलं, "बहुत अच्छा कहा आपने, अक्का. आराम से बोलिये. हिंदी में बोलना चाहें तो हिंदी में बोलिये, कोई बात नहीं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी दुसऱ्या एका वर झालेल्या हाताकडे वळले. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकच वाटलं, की बघा, कसं सांभाळून घेतलं.

परतताना ओंकार बरोबर होता. मी चर्चा कशी रंगली ते सांगत होते. मला मध्येच तोडून तो म्हणाला, "मावशी, तू अक्कांशी हिंदीत का बोललीस?"

"अरे, अडखळत होत्या बिचाऱ्या. त्यांना सोपं जावं म्हणून."

"पण त्या मराठीत बोलत होत्या. तुला सगळं कळत होतं."

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. खरं हेच की मला शब्दन् शब्द कळला होता. आपल्याकडे ही खोडच आहे, नाही का? समोरच्याची मराठी आपल्यासारखी नसली की आपली गाडी आपोआप हिंदीवर जाते. भाजीवाला असो, वॉचमन असो. तो मराठीत बोलत राहतो आणि आपण हिंदीत उत्तरं देत राहतो, वर त्याला चांगुलपणा समजतो. मी उभ्या जन्मात याचा विचार केला नव्हता. भर हॉलमध्ये, पुस्तकं लिहिणारी बाई म्हणून पुढे उभी राहून मी तेच केलं होतं. तोंडावर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चामराजपेटेत गेले. ठरवूनच गेले होते की दारातच माफी मागायची. अक्का दारात उभ्याच होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आइये, आइये. रास्ता मिल गया ना?"

मी म्हटलं, "अक्का, मराठीत बोला ना."

"नहीं नहीं, आप को तकलीफ नको," म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडून तरी मोकळी झाले असते. पाहुणीला जी भाषा सोयीची ती बोलायची, एवढाच त्यांचा हिशेब. बिसी बेळे भात, कोसंबरी (डाळीची कोशिंबीर), हयग्रीव (गूळ-खोबऱ्याचं हरभऱ्याच्या डाळीचं पक्वान्न), पानात काही म्हणून कमी नव्हतं. प्रत्येक पदार्थ वाढताना त्या थांबायच्या, हिंदी शब्द आठवायच्या. "ये... मीठा है. थोडा और लो." मी मराठीत उत्तर द्यायची, त्या पुन्हा हिंदीत यायच्या. वाढणं काही थांबत नव्हतं.

हात धुवायला मागे गेले तेव्हा सुमा एकटी भेटली. तिचा दीड वर्षाचा मुलगा तिच्या कडेवर होता. मी तिला म्हटलं, "काल माझ्याकडून फार चूक झाली."

"तुमचं काय न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "आमचं दोघींचं याच्यावरनं भांडण चाललंय. माझे मिस्टर कन्नड. अम्मा म्हणती, मी दिवसभर सांभाळते, मी याच्याशी आपल्या मराठीत बोलणार. मी म्हणते, कशाला? ऑफिसात पुण्याची लोकं हायत. मी मराठीत बोलले की हसत्यात आन् हिंदीत उत्तर देत्यात. मग तीच भाषा याला कशाला शिकवायची? अम्मा म्हणाली, ती पोरं हायत, त्यांना काय कळतं. पुस्तकं लिव्हणारी बाई येणार हाय. ती माझ्याशी कशी बोलती ते तू येऊन बघ." तिने मुलाच्या तोंडावरची लाळ पुसली. "म्हणून मी ऑफिसातनं डायरेक्ट आले. बघितलं."

ती काही रागावली नव्हती. एक वाद होता, तो मिटला होता, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मी बाहेर आले आणि अक्कांचे हात धरून म्हटलं, "मी चुकले. तुमची मराठी मला सगळी कळते. मला तुमच्याशी मराठीतच बोलायचंय." अक्का कानकोंड्या झाल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "अरे, उसमें क्या है," म्हणाल्या आणि माझ्या ओटीत नारळ, विड्याची पानं, ब्लाऊजपीस घातलं. सुमाने खाली रिक्षा थांबवून ठेवली होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून होते. धारवाडला पेढे घ्यायचे ठरवले होते, तेही राहिले. सांगलीत क्लबाच्या मंडळींनी विचारलं, तिकडच्या लोकांची प्रतिक्रिया काय? मी नागपूरच्या मुलाची नक्कल करून दाखवली, सगळे हसले. वैभवच्या बाबांचं सांगितलं, सगळे हळहळले. जेवणाबद्दल बोलणाऱ्या बाई मात्र मी गाळल्या. घरी आल्यावर त्याचीसुद्धा लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसले.

लिहिण्याआधी अक्कांना फोन केला. "अक्का, मी सांगलीहून बोलतेय, ओळखलंत का? जेवण झालं का तुमचं?" मुद्दाम सावकाश, स्वच्छ मराठीत.

"हां जी, हो गया, हो गया," पलीकडून आनंदाने आवाज आला. "आप का हुआ?"

मी मराठीत बोलत राहिले, त्या हिंदीत. मध्येच मूल रडू लागलं. अक्का म्हणाल्या, "एक मिनट हां," आणि फोन बाजूला ठेवून त्याला जवळ घेतलं असावं, कारण आवाज अगदी स्पष्ट येत होता. "बा पुट्टा, अळबेड, अळबेड," (ये बाळा, रडू नकोस) असं त्या त्याला कन्नडमध्ये समजावत होत्या.