नाईलवर सांगितलेलं कुलदैवत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुजातालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू? लपवून ठेवण्याचाच आता कंटाळा आलाय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी अन्वी शिकायला म्हणून दुसऱ्या देशात गेली ती तिकडेच रमली. आम्ही दोघं अजून इथेच, सिंगापुरात, चोआ चू कांगच्या त्याच फ्लॅटमध्ये. मी तुआसला कामाला जातो, येतो, जेवतो, झोपतो. आणि मधूनच हे आठवतं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. ती शाळेत शिक्षिका होती, उभा जन्म मुलांना नाईल नदी शिकवण्यात गेला. राजांची थडगी, त्यांच्या भिंतींवरची चित्रं, नदीकाठची देवळं — सगळं पुस्तकातून. तेव्हा माझ्या मनात आलं, हिला एकदा ते दाखवून आणावं. नाईलवरच्या बोटीची सहल ठरवली. सुजाताला तिच्या लॅबमधून रजा मिळाली नाही, म्हणून आई, अन्वी आणि मी. सोबतीला श्रीकांत आणि मेधावहिनी — इथल्या मराठी मंडळींतले आमचे सगळ्यात जवळचे.

आणि तिथेच सगळी गोची होती.

कारण श्रीकांत-मेधाला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. आम्ही बौद्ध. पण सिंगापुरातल्या माझ्या पहिल्याच दिवाळीच्या जेवणात कुणीतरी विचारलं होतं, जाधव म्हणजे साताऱ्याकडचे का? मी हो म्हटलं. तेवढं खरंच होतं. पुढचं त्यांनी आपापलं ठरवून टाकलं, आणि मी ते ठरू दिलं. मग खरं सांगायची वेळ दर महिन्याला येत राहिली आणि जात राहिली. घरात देव्हारा का नाही? फ्लॅट लहान आहे हो. गणपतीच्या आरतीला शब्द अडले की? टाळ्या जोरात वाजवायच्या. सुजाताला हे मुळीच पटत नसे, पण नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला कुणी कधी वावगा शब्द बोललं होतं का? नाही. भीती माझी मीच पोसली होती. गावी लहानपणी जे पाहिलं होतं त्याची म्हणा — पण नको, ते सांगितलं की सबब होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणालो, बोटीवर कुणाला जयभीम म्हणू नकोस, नमस्कारच म्हण. आणि पहाटेची बुद्धवंदना मनातल्या मनात कर, केबिनच्या भिंती पातळ असतात. ती पोलक्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "का रे?" मी म्हणालो, उगाच विषय नको. तिने पुन्हा विचारलं नाही. शिक्षिका होती ती, वर्गातल्या पोराला बरोबर ओळखायची. मलाही ओळखलंच असणार.

बोट छान होती. काय सांगू, आई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. थडग्यांत उतरताना गुडघे कुरकुरत होते तरी एकही चुकवलं नाही. छतावरचे निळे रंग बघताना मान अवघडून जाई, तरी बघत राही. अन्वीला सांगे, हा कोल्ह्याच्या तोंडाचा देव मेलेल्यांची राखण करायचा. केबिनमध्ये मात्र पहाटे जाग आली की मला ती दिसायची — पलंगावर मांडी घालून, हात जोडून, ओठ घट्ट मिटून. घरी तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

मग एडफूचं देऊळ आलं. एकामागून एक दालनं, आत जावं तसं छत खाली येत जातं आणि अंधार वाढतो. अगदी आतल्या गाभाऱ्यापाशी आमच्या गाइडने सांगितलं की सामान्य लोकांना बाहेरच्या अंगणापर्यंतच येऊ देत, इथवर फक्त राजा आणि पुजारी. आईने मला त्याचं मराठी विचारलं, मी सांगितलं. ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मग सरळ आत गेली आणि मधोमध उभी राहून हसली, मोठ्याने. तोंडभरून हसतच मेधावहिनींना म्हणाली, "अहो, माझ्या आजीला आमच्या गावच्या देवळात..."

मी ओरडलो, आई, इकडे ये, फोटो काढायचाय. ती वाक्य तसंच टाकून आली. फोटो काढला. त्यात ती हसत नाहीये.

त्या दुपारी आम्ही डेकवर चहा घेत होतो. मेधावहिनींनी घरून आणलेला चिवडा काढला. गप्पांत त्यांनी आईला सहज विचारलं, "काकू, तुमचं कुलदैवत कोणतं?" त्यात काही खोच नव्हती, आपल्याकडे विचारतातच. आईने माझ्याकडे पाहिलं. ती काय बोलेल याची वाट न पाहता मीच म्हणालो, जेजुरीचा खंडोबा. मेधावहिनींना कोण आनंद! त्यांचाही तोच होता. मग भंडारा, तळी, पायऱ्या — त्या बोलत राहिल्या, आणि आई मान डोलवत राहिली. मध्ये एकदा म्हणालीही, "पायऱ्या दमवतात हो." मला ती जेजुरीला गेलेली आठवत नाही. माझ्यासाठी खोटं बोलली. अन्वी तिथेच ज्यूस पीत बसली होती.

तुम्ही म्हणाल, झालं तर, हीच ती गोष्ट. बाहेरच्यांपुढे शेपूट घातलं, आईला गप्प केलं. नाही — हे वाईटच, पण एवढंच असतं तर मी ते केव्हाच कुणाजवळ तरी बोलून मोकळा झालो असतो. इतकी वर्षं ज्याच्याभोवती नुसता फिरतोय ते पुढेच आहे.

आम्ही परत आलो. आईची वंदना पुन्हा मोठ्याने सुरू झाली, मला वाटलं, निभावलं. तिचं परतीचं विमान दोन-तीन दिवसांवर होतं. रविवारची दुपार, सुजाता लॅबमध्ये गेलेली. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती, मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. अन्वी आली, माझ्या गुडघ्यावर रेलली आणि तिच्या त्या शाळेतल्या सुरात म्हणाली, "बाबा, आजी एव्हरीडे बुद्धाचं म्हणते. देन व्हाय यू टोल्ड आंटी खंडोबा? यू लाय, इज इट?"

घरात कोण होतं? श्रीकांत नव्हता, मेधावहिनी नव्हत्या. दार बंद होतं. सात-आठ वर्षांची मुलगी खरं विचारत होती, आणि खरं सांगायला मला कुणाची भीती होती? आईचे हात मेथीत थांबले. ती वर पाहत नव्हती, पण ऐकत होती. माझं उत्तर ऐकायला ती त्या बोटीपासून थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं. हे मी पुढे कधीतरी उमगलं म्हणून सांगत नाही. तेव्हाच कळलं.

मी म्हणालो, "खोटं नाही बेटा. बुद्ध हा आजीचा देव आहे. आपला नाही."

एरवी कुणी बुद्धाला देव म्हटलं की आई हातातलं काम टाकून सांगायची, देव नव्हे, माणूस होता तो. त्या दिवशी तेही केलं नाही. अन्वी तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "ट्रू आह, आजी?"

आई म्हणाली, "हो गं. माझ्या एकटीचाच आहे तो."

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी पेपर वर धरला.