उभ्या गाडीला झुकणारा

दुष्काळाच्या त्या वर्षी मी रोज काळीपिवळी जीपने वेरूळला कामाला जायचो. आमचा ड्रायव्हर रस्त्याकडेला उभ्या गाडीजवळ आला की वेग कमी करायचा आणि स्टिअरिंगपर्यंत मान झुकवायचा. मग ती सहलीची बस असो की पाण्याचा टँकर. या रस्त्यावर देवळं, दर्गे पावलोपावली. त्यामुळे जीपमध्ये मागे बसणारी, वेरूळला फुलं विकणारी म्हातारी त्याचं बघून दरवेळी हात जोडायची. एकदोनदा मीही जोडले. पण टँकरला कोण नमस्कार करतं, हे कोडं काही सुटेना.

एकदा लेण्यांच्या अलीकडे तो टँकरजवळ असाच झुकला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. पुढच्याच क्षणी टँकरच्या आडून डोक्यावर हंडा घेतलेली बाई लगबगीनं रस्त्यात आली आणि आमच्याकडे न बघताच पलीकडे गेली.

"तुम्हाला आधीच कसं कळलं?" मी विचारलं.

"गाडीखालून पाय दिसतेत. माणूस नंतर दिसतो."

मागे म्हातारीनं हात जोडलेलेच होते. ते आरशात बघून तो हसला.

"मावशी, मी नमस्कार नाय करत. लोकांचे पाय बघतो."

"व्हय, मंग देवळात जाऊन आपण तरी काय बघतो?" म्हातारी म्हणाली.