पितृपक्षातला टेम्पो

घर बदलायला पितृपक्षासारखा स्वस्त काळ नाही, हा शोध माझा. त्याचं श्रेय मी कुणालाही द्यायला तयार नाही.

दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी काम करते. तिथे वर्षभर टेम्पोवाल्यांशी घासाघीस चाललेली असते, त्यामुळे त्यांचे भाव कधी चढतात आणि कधी ते स्वतःहून फोन करून "काही आहे का मॅडम?" विचारतात, हे मला तोंडपाठ आहे. दसऱ्याच्या तोंडावर मिनतवाऱ्या केल्या तरी टेम्पो मिळत नाही. त्याआधी पितर चालू असतात, तेव्हा तेच टेम्पो नाक्यावर उभे असतात आणि ड्रायव्हर आत पाय पसरून झोपलेले असतात. पितरांत कोण नव्या घरात सामान नेणार?

आम्ही नेणार, असं मी ठरवलं. मानकोलीजवळ कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटचा ताबा श्रावणात मिळाला होता. इकडे शेलारला चाळीतल्या दोन खोल्यांचं भाडं चालू आणि तिकडे बँकेचा हप्ताही चालू. दसऱ्यापर्यंत थांबायचं म्हणजे आणखी एक भाडं पाण्यात घालायचं, आणि ते माझ्या जिवाला सोसण्यासारखं नव्हतं. नवरा मला चिंगूस म्हणतो. म्हणू दे. फ्लॅट बुक करताना ह्याच चिंगूसपणातून साठलेले पैसे त्याने हसत हसत भरले होते.

मी कामाला लागले. रिकामे खोके गोदामातून आणले, फुकट. भांडी गुंडाळायला शेजारच्या लूमवरून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, कापडाच्या चिंध्या आणल्या, त्याही फुकट. उचलाउचलीसाठी शुक्रवार धरला, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि गल्लीतली पोरं मोकळी असतात. पोटभर जेवण दिलं की ती खुशीत सामान चढवतात. टेम्पोही असा शोधला, जो माल भरायला रिकामाच मानकोलीला जायचा होता. जाता जाता आमचं सामान टाकेल. तो चालवणारा भिवंडीतल्या जुन्या मुसलमान घरातला, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलणारा. त्याने भाव सांगितला तो इतका कमी, की सवयीने घासाघीस करायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

"भाभी, ये पंधरा दिन हमारा भी धंदा ठंडा," तो म्हणाला. "तुमच्यात आता कोण घर बदलत न्हाय ना. तुम पहली पार्टी हो."

एवढं सगळं जमवल्यावर सासूबाईंना सांगायचं उरलं. नवरा म्हणाला, "आईला तूच सांग." हा माणूस दिवसभर फोर्कलिफ्टवरून हमालांवर ओरडतो, पण आईपुढे बोलायचं झालं की त्याच्या तोंडाला कुलूप.

मी सांगितलं. भाडं, हप्ता, टेम्पो, सगळं नीट समजावलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी जा. मी न्हाय येत. मी हितंच शेलारात भावाकडं रायन."

माझं डोकंच फिरलं. आमचं दोघींचं काही वाकडं नव्हतं. उलट त्या घरात होत्या म्हणून मी निर्धास्त नोकरी करत होते. त्यांच्याशिवाय त्या फ्लॅटमध्ये जायचं, ही कल्पनाच मला करवत नव्हती. आणि त्या रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या शांतपणे घरातलं सगळं बांधायला मदत करत होत्या. डबे पुसून देत होत्या, गाद्या बांधताना दोरीचं दुसरं टोक धरत होत्या. फक्त त्यांची स्वतःची पत्र्याची पेटी कोपऱ्यात होती तशीच होती. मी कामावरून आले की आधी त्या पेटीकडे बघायची.

चाळीतल्या बायका नाकं मुरडत होत्या, त्यांना माझ्याकडे उत्तरं होती. सासूबाईंनाही तीच ऐकवत होते. पितर म्हणजे आपलीच माणसं, ती आपलं वाईट कशाला करतील? वाईट दिवस असते तर बँकेने हप्ता थांबवला नसता का? त्या ऐकून घेत. मला वाटायचं, बाई अडाणी समजुतीला धरून बसल्या आहेत आणि आज ना उद्या सुटतील.

एका संध्याकाळी पितळेची भांडी गुंडाळताना मी पुन्हा तेच सुरू केलं, तेव्हा त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मी कदी बोलले का वंगाळ व्हईल म्हून?"

"मग काय आहे, आई? सांगा तरी."

"ते येतील ना गं," त्या म्हणाल्या. "त्यांची तिथ हाय. दर साली हितं येतात. येतील आन् दाराला कुलूप बगतील. नवीन घर त्यांनी पायलंय कुटं? त्यांना कोन सांगंल?"

सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. जन्मभर त्यांनी लूमवर ड्युटी केली, सायकलने गेले, सायकलने आले. त्यांच्या तिथीला आम्ही चाळीच्या पत्र्यावर पान ठेवायचो. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण कुलूप बघून, सायकल वळवून परत जाणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी कॅलेंडर काढलं. तिथी महिना संपायच्या आत येत होती, म्हणजे भाडं वाचत होतं. "आपण शुक्रवारी नको, तिथीच्या दिवशी जाऊ," मी म्हणाले. "इथे पान ठेवू आणि मगच निघू." तो कामाचा वार होता. लूम चालू, पोरं शिफ्टला, म्हणजे हमाल पैसे देऊन आणावे लागणार. तेवढा फटका मी कसाबसा गिळला.

"पान ठिवू," सासूबाई म्हणाल्या. "मंग बगू."

त्या दिवशी पहाटेपासून त्यांनी स्वयंपाक केला. खीर, वडे, अळवाची भाजी, गवार. शेगडीही शेवटी टेम्पोत गेली आणि खोल्या ओक्याबोक्या झाल्या. उरली ती फक्त कोपऱ्यातली पेटी. हमालाने तिला हात घातला तर त्या म्हणाल्या, "राहू दे."

नवऱ्याने स्टुलावर चढून पत्र्यावर केळीचं पान ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसला. त्याने पानाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तारेवरच चोच घासत बसला. बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं.

"भाभी," टेम्पोवाला हळूच म्हणाला, "दो बजे मेरा लोडिंग लगा है."

मला त्या कावळ्याचा भयंकर राग आला. त्याला कसली घाई? भाडं त्याला थोडंच भरायचं होतं!

सासूबाई दोन पावलं पुढे झाल्या. हात जोडून पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "अवो, आमी चाललो हितून. पोरानं नवीन घर घेतलंय. आता तितं या." आणि थांबल्या. पुढे काय सांगायचं ते त्यांना येईना. त्या एकदाच तिथे गेल्या होत्या, रिक्षात, मला चिकटून बसून. रस्ता त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. मना न्हाय सांगता येत."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. पोटचा मुलगा हा, आणि सांगायचं मी! सासऱ्यांच्या हयातीत मी त्यांच्याशी समोरासमोर चार वाक्यं बोलले नसेन. ते आत आले की मी पदर सावरून स्वयंपाकघरात जायची. त्यांना चहा हवा की नको, हेही सासूबाईंकरवी विचारायची. आता सगळ्या चाळीदेखत पत्र्याशी काय बोलायचं? पण ज्या कामाचा मला पगार मिळतो ते हेच. गुजरातेतून, नागपुराकडून येणारे ड्रायव्हर वाट चुकले की मला फोन करतात आणि मी त्यांना गोदामापर्यंत आणते. मी तशीच सुरुवात केली.

"बाबा," मी म्हणाले, "इथून निघालात की भिवंडीतून अंजूरफाट्याला या. तिथून दापोड्याचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं आहेत, पण कुठे वळू नका. मानकोलीचा नाका आला की हायवेला लागू नका, लागलात तर थेट ठाण्याला जाल. पुलाखालून आत या. पुढे पाण्याची टाकी आहे. टाकीसमोर पिवळी बिल्डिंग. चौथा माळा. लिफ्ट आहे, पण कधी कधी बंद असते. जिना डाव्या हाताला आहे."

चाळीतलं कुणीही हसलं नाही. टेम्पोवाला हात पुढे बांधून उभा होता. कावळा तारेवरच होता. सासूबाई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एकेक वळण ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. माझं बोलणं संपलं तशी त्यांनी माझा दंड धरला.

"आन् ह्ये पन सांग," त्या म्हणाल्या, "मी बी तितंच हाय म्हून."

मी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा पत्र्याकडे बघितलं.

"आणि बाबा," मी म्हणाले, "आई तिथेच आहेत."