गुण्या सुतारानं विचारलेला जाब

सुताराला सगळी गल्ली गुण्या म्हणायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. याच्या हातची चौकट सूतभरही तिरकी निघत नसे, म्हणून ते नाव चिकटलं. माणूसही तसाच सरळ. फळीला कीड दिसली की स्वतःचं नुकसान सोसून ती बाजूला टाकायचा. सकाळी दुकान उघडण्याआधी देवापुढे दोन मिनिटं हात जोडून उभा राहायचा, पण मागायचा काहीच नाही. "दिलंय की त्यानं सगळं," म्हणायचा.

त्याची एकुलती एक मुलगी बालवर्गाला शिकवायची. बावीस वर्षांची होती. एक दिवस फळ्यासमोर तिच्या हातून खडू गळून पडला. मग चमचा पडायला लागला, मग जिन्यात तीच पडली. डॉक्टर म्हणाले, "स्नायू एकेक करून निकामी होणार. यावर औषध नाही."

गुण्यानं तिच्या पलंगाला कठडा केला, पाठीला टेकायला उतरती फळी केली. हातांना जे जमत होतं ते सगळं केलं. बायको मात्र दिवसरात्र एकच घोकत होती, "आपलंच काहीतरी चुकलं असणार."

एका दुपारी तो मुलीला भरवत होता. तिची जीभ तेव्हा जड झाली होती, तरी बोलणं समजायचं.

"बाबा, मी खूप आठवून बघितलं. दुसरीत असताना मी एकदा बाकावरच्या शेजारणीचा खोडरबर चोरला होता. त्याचंच असेल का रे हे?"

गुण्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. "नाही गं बाळा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग स्वयंपाकघरात जाऊन तो आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडला, "चुकलं, चुकलं म्हणून पुन्हा एक शब्द जरी काढलास तर बघ!"

वर्षभरानं मुलगी गेली. शेवटी शेवटी तिला डोळेही मिटता येत नव्हते.

थोरला भाऊ सांत्वनाला आला. त्याची लाकडाची वखार होती. ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकण्यात त्याची हयात गेली. साठीतही तब्येत ठणठणीत, घर नातवंडांनी भरलेलं. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "देव लाडक्यांचीच परीक्षा घेतो रे."

"परीक्षा माझी आणि मरण तिचं? हा कुठला हिशेब, दादा?"

"असं बोलू नये."

"का बोलू नये? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे माणसानं केलं की आपण त्याला अन्याय म्हणतो. त्यानं केलं की लीला?"

भाऊ चहा अर्धाच टाकून उठला. पुढे गल्लीभर सांगत सुटला, दुःखानं याचं डोकं फिरलंय.

काही महिन्यांनी देवळाचं दार वाळवीनं पोखरलं. पुजाऱ्यानं गुण्यालाच बोलावलं. तीन दिवस मान वर न करता त्यानं काम केलं. पुजारी भला माणूस होता. शेवटच्या दिवशी हळूच म्हणाला, "देवाशी अबोला धरू नकोस बाबा."

"अबोला त्यानं धरलाय. मी रोज विचारतोय."

आणि ते खरंच होतं. सकाळचं उभं राहणं त्यानं सोडलं नव्हतं. फक्त आता हात जोडत नसे. हाताची घडी घालून, मान ताठ ठेवून, सरळ मूर्तीकडे बघत राहायचा. बायकोला ते बघवत नसे.

"अहो, विश्वास उरला नाही, तर उभे तरी कशाला राहता?"

"विश्वास नसता तर भांडलो कुणाशी असतो?" तो म्हणाला. "तू मागत जा. मी जाब विचारतो. खोडरबराचं एकदा त्यानं मला सांगावं."

बायको पदरानं डोळे पुसून त्याच्या शेजारी उभी राहिली, हात जोडून.

अशी नऊ वर्षं गेली. उत्तर आलं नाही.