मायसोबत रणटेकडीवर

फॉल-इन, म्हणजे हजेरी, सकाळी सहाला, जाम चौरस्त्यावर. आदल्या दिवशी फोनवर मी तसा हुकूमच सोडला होता. हिंगणघाटहून पाच पन्नासला पोचलो, तर वडनेरची अनसूयामाय टपरीपुढे दुसरा चहा पीत बसलेली. पुतण्याच्या भाजीच्या टेम्पोत बसून आली होती.

"काऊन रे हवालदारा, फौजेत असेच उशिरा उठे का तुमी?"

नाईक दशरथ सहा वीसला उगवला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. उशीर झाला की सगळा दोष तो त्या पायावर ढकलतो. "पट्टा सापडे नाई, साहेब."

माय ही माझ्या हाताखालच्या सेक्शनमधल्या शिपाई गजाननची आई. गजानन सीमेवर पडला, तेव्हा वडनेरला बातमी घेऊन मीच गेलो होतो. "हुकूम पाळताना गेला, माय," एवढंच मी बोललो. ते खोटं होतं. दशरथलाही मीच गप्प बसवलं. तेव्हापासून दर संक्रांतीला माय मला तीळगूळ देते आणि तो माझ्या घशाखाली उतरत नाही. आज खरं सांगायचं, असं ठरवूनच निघालो होतो.

रणटेकडीवर जुन्या काळी दोन फौजा भिडल्या. कोणाच्या, यावर गावात अजून एकमत नाही. आता तिथे फरसबंद वाट आहे, बाकं आहेत, खाली नदीचं वळण आणि दोन्ही बाजूंना फुललेला पळस. माथ्यावर पडलेल्या शिपायांसाठी दगडांची रास आहे. चढणारा प्रत्येक जण नदीकाठचा एक दगड वर नेऊन ठेवतो. नाव कोणाचं घ्यायचं नाही, अशी रीत.

चौरस्त्यावरून टेकडीच्या पायथ्याशी पोचून सात पाचला चढाई सुरू झाली. वाटेला फाटा फुटतो तिथे मायला बाकावर बसवलं, "इथंच थांब" म्हणून बजावलं आणि बाटली भरायला नळावर गेलो. परत आलो तर बाक रिकामं. हाक मारली, उत्तर नाही. खाली नदी. वाकून पाहिलं, काही दिसेना. मागे राहिलेल्या दशरथला फोन लावला.

"लोकेशन?"

"बाभळीपाशी, साहेब."

"माय दिसते?"

"निगेटिव्ह."

धापा टाकत माथ्यावर पोचलो. माय राशीजवळ बसून बुक्कीनं कांदा फोडत होती.

"मी मागच्या पांदीच्या पायवाटेनं आली. तुमची फरशी लय घसरते, बाप्पा."

"माय! थांब म्हटलं होतं ना तुले!"

थांब. त्या दिवशी गजाननलाही मी हाच शब्द म्हटला होता. दशरथ वर येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग सांगून टाकलं.

"माय, गजानन हुकूम पाळताना नाही गेला. दशरथ पायाला लागून उघड्यावर पडला होता. फायर चालू होता. गजानन आडोशातून निघाला. मी वायरलेस सेटवर म्हटलं, थांब. तो म्हणे, 'जातो आन येतो. आउट.' आणि सेट बंद केला. दशरथला ओढत आणलं आणि आडोसा चार पावलांवर राहिला असताना त्याला गोळी लागली. पोरानं हुकूम मोडला, हे तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

मायचा हात भाकरीवर थांबला.

"कितीदा म्हणलं, थांब?"

"तीनदा."

तिनं भाकर खाली ठेवली. "मले वाटे, तूनंच धाडलं त्याले. हुकूम म्हणला ना तू. हुकूम तर तुयाच."

"आन तरी तीळगूळ देत होती?"

"पोरगा तर गेलाच होता. तुयाशी भांडून तो येनार होता का?" मग ती हसायलाच लागली. "तीनदा! घरी निदान तिसऱ्या हाकेले तरी आयके लेकाचा!" हसता हसता पदर डोळ्यांना गेला. माझेही डोळे भरून आले. छाती मात्र हलकी झाली.

दशरथ नदीकडे तोंड करून उभा होता. मायनं त्याला ओढून बसवलं आणि सगळ्यात मोठी भाकर त्याच्या हातात दिली. "खाय. तुयापायी आयकलं नाई त्यानं."

तिघांनी मिळून ठेचा-भाकर संपवली. मग तिनं कमरेला खोचून आणलेला नदीकाठचा दगड काढला आणि राशीवर टेकवला. नाव घ्यायचं नसतं. तिनं घेतलं.

"गजू, थांब आता इथं."

मी आणि दशरथ सावधान उभे राहिलो. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.